डान्झिग : हमी दिलेले शहर कसे गिळले गेले

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासाचे कोणतेही पुस्तक उघडले तर डान्झिग हे नाव १ सप्टेंबर १९३९ या तारखेशी जोडलेले आढळते. त्या पहाटे 'श्लेस्विग-होल्स्टाइन' या जर्मन युद्धनौकेने बंदराच्या मुखाशी असलेल्या वेस्टरप्लाटे येथील पोलिश ठाण्यावर तोफा डागल्या आणि युद्धाला तोंड फुटले. ही तारीख पोलंडवरील आक्रमणाची आहे. डान्झिग शहर त्यापूर्वीच पडले होते. १९३३ ते १९३७ या साडेचार वर्षांत, सीमेपलीकडून जर्मन फौज आत न येता, निवडणुका, पोलीसखाते, वटहुकूम आणि नोकरीवरून काढण्याची धमकी एवढ्या साधनांनी ते नाझींनी हस्तगत केले. या सर्व काळात शहराचे रक्षण करण्याचे काम ज्याच्याकडे होते तो राष्ट्रसंघाचा उच्चायुक्त त्याच शहरात राहत होता. आज आपल्याला या साडेचार वर्षांचा विचार करायचा आहे.

प्रथम शहराची घडण पाहू. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड पुन्हा स्वतंत्र राष्ट्र म्हणून उभा राहिला तेव्हा त्याला समुद्राकडे जाणारी वाट हवी होती. विश्चुला नदीच्या मुखावरचे डान्झिग हे त्या वाटेचे स्वाभाविक टोक. पण तेथील शंभरातले पंचाण्णव रहिवासी जर्मन भाषिक होते. विजेत्या राष्ट्रांनी व्हर्सायच्या तहात यावर तोड काढली. शहर जर्मनीलाही द्यायचे नाही आणि पोलंडलाही नाही. १५ नोव्हेंबर १९२० रोजी 'डान्झिगचे मुक्त शहर' अस्तित्वात आले. सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचा मुलूख, चार लाखांच्या आसपास वस्ती, स्वतःचे विधिमंडळ म्हणजे फोल्क्सटाग, स्वतःचे सरकार म्हणजे सेनेट, आणि पुढे १९२३ पासून गुल्डन हे स्वतःचे चलन. जकातीच्या बाबतीत शहर पोलंडशी जोडलेले होते, त्याचे परराष्ट्र व्यवहार पोलंड पाहत असे, आणि पोलंडला तेथे स्वतःची टपाल कचेरी चालवण्याचा हक्क होता. तहात दोन शब्द वेगवेगळे वापरलेले आहेत. शहर राष्ट्रसंघाच्या 'संरक्षणाखाली' आहे, आणि शहराची राज्यघटना राष्ट्रसंघाच्या 'हमीखाली' आहे. भाषांतराचे काम करणाऱ्या माझ्यासारखीला असे दोन शब्द शेजारी दिसले की थबकावे लागते. संरक्षण परचक्रापासून असते. घटनेची हमी मात्र शहरातल्या सत्ताधाऱ्यांविरुद्धसुद्धा असते. शहराचे सरकारच घटना मोडू लागले तर नागरिकाने जिनीव्हाकडे दाद मागावी आणि राष्ट्रसंघाने ती घ्यावी, असा तिचा अर्थ. यातली दुसरी जबाबदारी कोणी कशी टाळली, हाच खरा इतिहास आहे.

शहराचा कणा म्हणजे बंदर आणि जहाजबांधणीचे कारखाने; म्हणून कामगार चळवळही जुनी आणि बळकट. १९२० च्या उन्हाळ्यात पोलंड सोव्हिएत रशियाशी लढत असताना त्याच्यासाठी आलेला दारूगोळा उतरवण्यास डान्झिगच्या गोदी कामगारांनी नकार दिला होता. आपल्या वाचनात ही घटना यावी तितकी येत नाही. तिचा परिणाम मात्र दुहेरी झाला. या बंदरावर विसंबता येणार नाही असे ठरवून पोलिश सरकारने जवळच ग्दिनिया या कोळ्यांच्या खेड्यात नवे बंदर बांधायला घेतले, आणि दहा-बारा वर्षांत त्याने डान्झिगचा मोठा व्यापार ओढून घेतला. त्यातच १९२९ ची जागतिक मंदी आली. गोदीत बेकारी वाढली, नदीच्या सुपीक खोऱ्यातले शेतकरी कर्जात बुडाले, आणि प्रत्येक संकटाचे खापर व्हर्सायवर आणि पोलंडवर फोडणारा प्रचार सोपा झाला.

तरीही नाझी तेथे पूर आल्यासारखे आले असे समजू नये. १९२७ च्या निवडणुकीत १२० जागांच्या विधिमंडळात त्यांना एक जागा मिळाली होती; सर्वांत मोठा पक्ष होता ४२ जागांचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष. १९३० मध्ये हिटलरने अल्बर्ट फोर्स्टर या अठ्ठावीस वर्षांच्या बव्हेरियन तरुणाला डान्झिगचा प्रांतप्रमुख म्हणून पाठवले. त्या नोव्हेंबरात, विधिमंडळ ७२ जागांचे झाल्यावर, नाझींना १२ जागा मिळाल्या. सोशल डेमोक्रॅटांना १९ आणि कम्युनिस्टांना ७. म्हणजे कामगारवर्गाच्या दोन पक्षांचे मिळून २६ प्रतिनिधी निवडून आले होते, नाझींच्या दुपटीहून जास्त. पण दोघांची वाटचाल एकत्र नव्हती. सोशल डेमोक्रॅट नेतृत्वाचा भरवसा मध्यममार्गी भांडवली पक्षांशी होणाऱ्या तडजोडींवर होता. आणि कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या त्या वेळच्या धोरणानुसार सोशल डेमोक्रसीलाच 'सामाजिक फॅसिझम' म्हटले जात होते. हे धोरण १९३५ च्या सातव्या काँग्रेसमध्ये दिमित्रोव्ह यांच्या अहवालानंतर बदलले; डान्झिगला तोवर उशीर झाला होता. दरम्यान जानेवारी १९३१ मध्ये एर्न्स्ट झीम या जर्मन नॅशनल पक्षाच्या पुढाऱ्याने बनवलेले सेनेट नाझींच्या बाहेरच्या पाठिंब्यावर दोन वर्षे टिकले. आपण या गुंडांना वापरून घेऊ, असे सभ्य, सनातनी, मालमत्तावाल्या पक्षांना वाटत होते. बर्लिनमध्येही नेमके तेच वाटत होते.

२८ मे १९३३ रोजी नवी निवडणूक झाली. जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन चार महिने झाले होते. २ मे रोजी तेथील कामगार संघटनांच्या कचेऱ्या बळकावण्यात आल्या होत्या, आणि त्याच महिन्यात डान्झिगमध्येही तपकिरी गणवेशातल्या टोळ्यांनी संघटनांच्या इमारतींत घुसून तेच केले. मतदानात नाझींना पन्नास टक्क्यांहून किंचित अधिक मते आणि ७२ पैकी ३८ जागा मिळाल्या. हेर्मान राउशनिंग हा जमीनदार सेनेटचा अध्यक्ष झाला. वर्ष-दीड वर्षात त्याचे फोर्स्टरशी फाटले. नोव्हेंबर १९३४ मध्ये तो गेला आणि आर्थर ग्रायझर आला. कम्युनिस्ट पक्षावर मे १९३४ मध्येच बंदी आली होती.

पण येथे एक अडचण होती, आणि तिच्यामुळेच डान्झिगची कथा जर्मनीहून निराळी ठरते. घटना बदलायची तर दोन-तृतीयांश बहुमत, म्हणजे ४८ जागा हव्यात. जर्मनीत जे एका दिवसात उरकले ते डान्झिगमध्ये उरकता येईना, कारण घटनेला बाहेरची हमी होती. विरोधी पक्ष जिवंत होते, त्यांची वृत्तपत्रे निघत होती, न्यायालयात दावे लढवले जात होते. म्हणून फोर्स्टरने मुदतीपूर्वीच, ७ एप्रिल १९३५ रोजी, पुन्हा निवडणूक घेतली. त्या निवडणुकीसाठी गोरिंग, हेस आणि गोबेल्स जातीने आले. नभोवाणी, पोलीस आणि सरकारी तिजोरी एका पक्षाच्या दिमतीला होती. विरोधकांच्या सभा उधळल्या जात, कार्यकर्त्यांना भर रस्त्यात मारहाण होई. सरकारी नोकर, शिक्षक, नगरपालिकेचे कामगार यांना मत कोणाला द्यायचे हे नोकरीची आठवण देऊन सांगितले गेले.

आणि निकाल काय लागला? ४३ जागा. पाच कमी पडल्या.

कॉम्रेड्स, या आकड्यापाशी थोडे थांबू. हिटलरच्या सत्तेला दोन वर्षे उलटून गेली आहेत, जर्मनीत इतर पक्ष नामशेष झाले आहेत, आणि जर्मन भाषिकांच्या या शहरात, मारहाण आणि धाकदपटशा सोसून, दर दहा मतदारांपैकी चारांनी नाझींविरुद्ध मत टाकले. सोशल डेमोक्रॅटांना १२ जागा मिळाल्या. बंदी असतानाही कम्युनिस्टांनी यादी उभी केली आणि दोन प्रतिनिधी निवडून आणले. त्यांत आंटोन प्लेनिकोव्हस्की हे मूळचे शिक्षक होते, जे पुढे स्वीडनमध्ये परागंदा झाले आणि युद्धानंतर जर्मन लोकशाही प्रजासत्ताकाच्या उभारणीत सामील झाले. कॅथलिक सेंटर पक्षाचे मतदारही हलले नाहीत. जर्मन जनता एकमुखाने हिटलरच्या मागे गेली, असे म्हणणाऱ्यांना डान्झिगचा हा निकाल दाखवावा. विरोधकांनी निवडणुकीविरुद्ध दावा केला. न्यायालयाने गैरप्रकार झाल्याचे मान्य केले, पण निवडणूक रद्द केली नाही. इकडे मतदानाला महिनाही पुरता झाला नव्हता तोच गुल्डनचे मूल्य बेचाळीस टक्क्यांनी उतरवण्यात आले. ज्यांच्या हातात फक्त मजुरी होती त्यांच्या मजुरीचा भाव एका रात्रीत घसरला.

त्याच वर्षी २९ ऑगस्ट रोजी सेनेटने फौजदारी कायद्यात बदल करणारे दोन वटहुकूम काढले. ते जर्मनीतल्या नव्या कायद्यावरून उचललेले होते. आशय असा की, एखादे कृत्य कायद्यात गुन्हा म्हणून नोंदलेले नसले तरी, कायद्याचा मूळ हेतू आणि 'निरोगी लोकभावना' यांना अनुसरून न्यायाधीशाला ते शिक्षापात्र वाटले तर त्याने शिक्षा द्यावी. मूळ जर्मन शब्दाला मी मराठी प्रतिशब्द शोधत बसले तेव्हा 'लोकभावना' याहून नेमका शब्द सापडला नाही, आणि याचे मला फार वाईट वाटले. लोकभावनेचा आदर हा आपल्या भाषणांतला नेहमीचा, आदराचा शब्द. त्याला 'निरोगी' हे विशेषण लावायचे आणि कोणाची भावना निरोगी हे पक्षाने ठरवायचे, एवढ्याने तो शब्द तुरुंगाची किल्ली होतो. सोशल डेमोक्रॅट, सेंटर आणि जर्मन नॅशनल, ज्यांचे एकमेकांशी कधी पटले नव्हते अशा या तीन पक्षांनी मिळून राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. राष्ट्रसंघाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागवले. ४ डिसेंबर १९३५ रोजी न्यायालयाने बहुमताने सांगितले की हे वटहुकूम डान्झिगच्या घटनेशी विसंगत आहेत. आपले कृत्य गुन्हा आहे की नाही हे माणसाला कायदा वाचून आधी कळले पाहिजे. जानेवारी १९३६ मध्ये राष्ट्रसंघाच्या परिषदेपुढे ग्रायझरला घटना पाळण्याचे आश्वासन द्यावे लागले. हमी ही वस्तू वापरली तर चालते, हे तेव्हा दिसून आले होते.

ती पुन्हा वापरली गेली नाही. ७ मार्च १९३६ रोजी जर्मन सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये शिरले आणि ब्रिटन-फ्रान्सने बोट उचलले नाही. इटलीने अबिसीनिया गिळला. डान्झिगचे उच्चायुक्त तेव्हा शॉन लेस्टर हे आयरिश गृहस्थ होते. ते समाजवादी नव्हते, कामगारवर्गाचे कैवारीही नव्हते. पण घटनेची हमी म्हणजे काय हे त्यांना कळत होते. पीडितांचे अर्ज ते स्वीकारत, त्यांची नोंद करून जिनीव्हाला पाठवत. जून १९३६ मध्ये 'लाइपझिग' ही जर्मन युद्धनौका बंदरात आली, आणि तिच्या कप्तानाने राजशिष्टाचार मोडून उच्चायुक्तांना भेटण्याचे टाळले. तशी आज्ञा बर्लिनहून होती.

जिनीव्हातले त्या उन्हाळ्याचे ते पाच दिवस लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ३० जून रोजी सम्राट हैले सेलासी यांनी राष्ट्रसंघापुढे अबिसीनियाची कैफियत मांडली. ३ जुलै रोजी चेकोस्लोव्हाकियाचे ज्यू पत्रकार स्टेफान लुक्स यांनी नाझी छळाकडे जगाचे लक्ष वेधण्यासाठी सभागृहातच स्वतःवर गोळी झाडून घेतली. आणि ४ जुलै रोजी ग्रायझरने परिषदेसमोर उभे राहून उच्चायुक्ताचे पदच नको असे बजावले, आणि बाहेर पडताना पत्रकारांच्या गॅलरीकडे पाहून नाकाला अंगठा लावून वाकुल्या दाखवल्या. डान्झिगच्या प्रश्नाचे कामकाज परिषदेत ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांच्याकडे होते. त्यांनी सभासदांना त्या प्रकाराकडे दुर्लक्ष करण्याचा सल्ला दिला. प्रश्न तीन राष्ट्रांच्या समितीकडे गेला. लेस्टर यांना पुढे बढती देऊन जिनीव्हात बोलावून घेण्यात आले; डान्झिगपासून त्यांना दूर करण्याचा तो सभ्य मार्ग होता.

ग्रायझर परतला आणि जुलै १९३६ च्या मध्यालाच नवे वटहुकूम निघाले. विरोधी वृत्तपत्रे बंद पडली. ऑक्टोबरात सोशल डेमोक्रॅटिक पक्षावर बंदी आली, वर्षभराने सेंटर पक्षावर. जर्मन नॅशनल पक्ष त्याआधीच विसर्जित झाला होता. आपण नाझींना वापरून घेऊ म्हणणाऱ्यांचाच तो पक्ष. अटक, धमकी आणि पक्षांतर यांच्या जोरावर, मतपेटीतून न मिळालेले दोन-तृतीयांश सभागृहात जमवले गेले. १९३७ मध्ये आलेले नवे उच्चायुक्त, स्वित्झर्लंडचे इतिहासकार कार्ल बुर्कहार्ट, यांनी शहराच्या अंतर्गत कारभारात लक्ष घालू नये अशीच अपेक्षा होती. त्या मे महिन्यात विधिमंडळाचे सोशल डेमोक्रॅट सभासद हान्स वीखमान उच्चायुक्तांना भेटून आले आणि त्यानंतर बेपत्ता झाले. ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत. हमी देणाऱ्याच्या दारातून बाहेर पडलेला लोकप्रतिनिधी नाहीसा होतो, आणि हमी देणारा जिनीव्हाला अहवाल लिहितो!

शहरातल्या दहा हजारांवर ज्यू रहिवाशांचे काय झाले हे थोडक्यात सांगते. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्यांची दुकाने फोडली गेली. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीपाठोपाठ येथेही प्रार्थनामंदिरे जाळली गेली आणि न्यूरेंबर्गचे वंशभेदी कायदे लागू झाले. मोठे प्रार्थनामंदिर समाजालाच विकायला लावले, आणि १९३९ मध्ये ते पाडले. तेव्हाही डान्झिग कागदोपत्री राष्ट्रसंघाच्या संरक्षणाखालचे मुक्त शहरच होते.

पोलंडच्या सरकारची भूमिकाही झाकून ठेवण्याचे कारण नाही. जानेवारी १९३४ मध्ये त्याने हिटलरशी अनाक्रमणाचा करार केला होता, आणि बंदरातले आपले हक्क शाबूत राहिले म्हणजे शहरातल्या कामगारांचे, विरोधकांचे काय होते याच्याशी कर्नल बेक यांच्या परराष्ट्र खात्याला फारसे कर्तव्य नव्हते. म्युनिकनंतर चेकोस्लोव्हाकियाचा एक लचका या सरकारने स्वतःही तोडला. त्याच ऑक्टोबरात, २४ तारखेला, रिबेनट्रॉपने पोलिश राजदूतापुढे मागणी ठेवली : डान्झिग द्या. पुढे २३ मे १९३९ रोजी हिटलरने आपल्या सेनानींना सांगून टाकले होते की प्रश्न डान्झिगचा नाहीच, पूर्वेकडच्या भूमीचा आहे. त्याच मे महिन्याच्या प्रारंभी पॅरिसमध्ये मार्सेल देआ या एके काळच्या समाजवाद्याने लेख लिहून विचारले होते की डान्झिगसाठी फ्रेंचांनी मरायचे काय? मृत्यूचा प्रश्न १९३९ मध्ये आला. १९३६ मध्ये प्रश्न एका उच्चायुक्ताच्या पाठीशी उभे राहण्याचा होता. हे देआ महाशय पुढे नाझींच्या चाकरीत मंत्री झाले.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी सेनेटने फोर्स्टरला शहराचा राष्ट्रप्रमुख म्हणून जाहीर केले. त्याच दिवशी मॉस्कोत सोव्हिएत-जर्मन करारावर सह्या झाल्या. या कराराबद्दल प्रश्न विचारला जाणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच बोलते. ब्रिटन आणि फ्रान्सने लष्करी वाटाघाटींसाठी आपली शिष्टमंडळे संथ जहाजाने पाठवली, आणि लाल सेनेला आपल्या भूमीवरून जाऊ देण्यास पोलिश सरकारने नकार दिला, हे खरे आहे. सामुदायिक सुरक्षिततेचा सोव्हिएत प्रस्ताव वर्षानुवर्षे झिडकारला गेला होता, हेही खरे आहे. कराराच्या गुप्त कलमांनी पोलंडची वाटणी केली, हेही तितकेच खरे आहे, आणि डिसेंबर १९८९ मध्ये खुद्द सोव्हिएत लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसने त्या कलमांचा निषेध केला. पहिली दोन वाक्ये सांगून तिसरे गाळणे अभ्यासवर्गाला शोभणारे नाही.

यानंतरचे सर्वांना माहीत आहे. वेस्टरप्लाटे सात दिवस लढले. 'मुक्त शहर' १ सप्टेंबरला एका कागदाने जर्मनीत विलीन झाले आणि बुर्कहार्ट यांना दोन तासांत निघून जाण्यास सांगण्यात आले. दुसऱ्याच दिवशी जवळच्या स्टुटहोफ येथे छळछावणी उघडली. युद्ध संपेपर्यंत तेथे साठ हजारांहून अधिक माणसे मेली. ३० मार्च १९४५ रोजी रोकोसोव्हस्की यांच्या सेनेने शहर मुक्त केले, आणि ते पोलंडचे ग्दान्स्क झाले. ग्रायझरला १९४६ मध्ये आणि फोर्स्टरला १९५२ मध्ये पोलंडमध्ये फाशी झाली.

वेस्टरप्लाटेच्या मानाने टपाल कचेरीची लढाई आपल्याकडे कमी सांगितली जाते. १ सप्टेंबरच्या पहाटे तेथे पन्नासहून थोडी अधिक माणसे होती, बहुतेक टपाल कर्मचारी. पोलीस, एस.एस., चिलखती गाड्या आणि तोफा यांच्याविरुद्ध त्यांनी दिवसभर इमारत राखली. अखेर तळघरात पेट्रोल सोडून आग लावली तेव्हा ते बाहेर आले. पांढरे निशाण घेऊन आलेल्या त्यांच्या प्रमुखालाही गोळी घातली गेली. जे वाचले त्यांना सैनिक मानण्यास लष्करी न्यायालयाने नकार दिला आणि बेकायदा लढवय्ये ठरवून मृत्युदंड फर्मावला. ५ ऑक्टोबर १९३९ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तो निकाल देणारे न्यायाधीश कुर्ट बोडे युद्धानंतर पश्चिम जर्मनीत ब्रेमेनच्या वरिष्ठ न्यायालयाचे उपाध्यक्ष होऊन निवृत्त झाले. टपाल कामगारांची सामुदायिक कबर १९९१ मध्ये ग्दान्स्कच्या झास्पा भागात बांधकामासाठी खोदताना सापडली. त्यांची शिक्षा बेकायदा होती असे जर्मन न्यायालयाने म्हटले ते १९९८ मध्ये.